राजाच नसलेल्या मुलखात इंग्रज सरकार

आफ्रिकेतल्या वसाहतवादावरची कादंबरी म्हटलं की बहुतेक वाचकांना एकच नाव आठवतं, चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट'. १९५८ साली लंडनच्या हाइनमान प्रकाशनाने ती काढली तेव्हा पहिली आवृत्ती २,००० प्रतींची होती. आज ती ५०हून अधिक भाषांमध्ये वाचली जाते. तिची गोष्ट सांगताना लोक दोन वाक्यांत आटोपतात. नांदतं गाव होतं, गोरे आले, गावाचा सत्यानाश झाला. हा सारांश ऐकून कुणी कादंबरी उघडली तर तो बुचकळ्यात पडेल, कारण अर्धं पुस्तक संपलं तरी गोरा माणूस प्रत्यक्ष गावात आलेलाच नसतो. तोवर लग्नं होतात, कुस्त्या होतात, पेरण्या होतात, एक खटला चालतो, एका पोराचा जीव जातो. हे सगळं रंग भरण्यासाठी घातलेलं नाही. काय मोडलं हे कळायचं तर ते आधी कसं उभं होतं हे ठाऊक असावं लागतं.

आणि ते कसं उभं होतं याची किल्ली एका साध्या प्रश्नात आहे. राजा नाही, तर निर्णय कोण घेतो?

अचेबे इग्बो, आणि त्यांच्या कादंबरीतलं गावही इग्बोंचं. इग्बो लोक नायजेरियाच्या आग्नेय भागातले, मुख्यतः नायजर नदीच्या पूर्वेकडचे. ओनित्शा, न्री अशी काही ठिकाणं सोडली तर त्यांच्या बहुसंख्य गावांना राजा नव्हता. 'इग्बोंना राजा नसतो' अशी म्हणच त्यांच्यात आहे, आणि ती अभिमानाने सांगितली जाते. गाव म्हणजे एकमेकांना लागून असलेल्या भावक्या. प्रत्येक भावकीत वडीलधारा माणूस असे, पण त्याच्या शब्दाला मान होता, हुकमाची ताकद नव्हती. मोठा प्रश्न आला की पुरुष मंडळी बाजाराच्या मैदानात जमत आणि बोलून बोलून एकमत होईपर्यंत बोलत. एकाच काळात जन्मलेल्यांचे गट असत, गावची कामं ते वाटून घेत. कष्टाने वर आलेला माणूस 'ओझो'सारखी पदवी घेऊ शकत असे, मात्र त्यासाठी एवढा खर्च आणि एवढ्या पंगती घालाव्या लागत की साठवलेला बराच पैसा पुन्हा गावातच फिरे. शिवाय बापाची पदवी पोराला मिळत नसे. ज्याने त्याने आपली कमवायची.

बायकांच्या संस्था वेगळ्या. गावात जन्मून बाहेर दिलेल्या माहेरवाशिणींची सभा असे, तिला 'उमुआडा' म्हणतात. माहेरचं भांडण मिटवायला त्या आल्या की त्यांचा शब्द मोडणं भावांनाही जड जाई. या सगळ्यांच्या वर धरणीमाता, तिचं नाव अनी किंवा आला. खून, आत्महत्या, पेरणीआधीच्या शांततेच्या सप्ताहातली मारहाण हे तिच्याविरुद्धचे गुन्हे. शिक्षा श्रीमंतालाही चुकत नसे. शेवटी काहीच सुटेना तर देवस्थानाचा कौल घ्यायचा.

अचेबेंच्या कादंबरीत ही यंत्रणा चालताना दिसते ती एका खटल्यात, आणि त्यावर जरा थांबायला हवं. उझोवुलू नावाचा माणूस बायकोला मारतो. तिचे भाऊ येतात, त्याला चोप देतात आणि बहिणीला माहेरी घेऊन जातात. उझोवुलूची तक्रार अशी की बायको परत द्या, नाहीतर तिच्यासाठी दिलेलं देज परत करा. न्यायाला बसतात 'एग्वुग्वू', म्हणजे मुखवटे घातलेले पूर्वज. कादंबरीतल्या उमुओफिया गावाच्या नऊ पाड्यांचे नऊ पूर्वज. आवाज घोगरा, अंगावर सुकलेल्या पात्यांचा झगा. ते दोन्ही बाजू ऐकतात, आत जाऊन सल्लामसलत करतात आणि बाहेर येऊन सांगतात की ताडीचं मडकं घेऊन सासुरवाडीला जा, बायकोला परत येण्याची विनवणी कर, बाईवर हात टाकण्यात कसला पुरुषार्थ. तिच्या भावालाही सांगतात, मेहुणा ताडी घेऊन आला तर बहिणीला पाठवा. खटला संपल्यावर गर्दीतला एक म्हातारा दुसऱ्याला विचारतो, एवढ्याशा गोष्टीसाठी पूर्वजांना कशाला उठवायचं? दुसरा म्हणतो, हा उझोवुलू कसला आहे ठाऊक नाही का, दुसऱ्या कुणाचं तो ऐकलाच नसता.

याच प्रसंगात एक बारीक जागा आहे. नऊ मुखवट्यांपैकी दुसऱ्याची चाल जरा उसळती आहे, आणि ती नायक ओकोंक्वोच्या चालीसारखी आहे. त्याच्या बायकांच्या हे लक्षात आलं असेल. मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांत तो दिसत नाही, हेही लक्षात आलं असेल. आलंच असेल तर त्यांनी ते मनातच ठेवलं, एवढंच लेखक सांगतात. मुखवट्यामागे शेजारचाच माणूस आहे हे आतून सगळ्यांना ठाऊक, आणि तरीही मुखवटा घातलेला असताना तो शेजारी नसतो. न्याय माणसाचा नसून गावाचा आहे, एवढं सिद्ध करायला हा करार पुरेसा होता. म्हणून पुढे एनोक नावाचा नवख्रिस्ती भर गर्दीत एका एग्वुग्वूचा मुखवटा ओढून काढतो तेव्हा ती नुसती धर्माची टवाळी राहत नाही. त्या समाजाच्या दृष्टीने त्याने एका पूर्वजाला ठार केलेलं असतं, आणि गावाचं न्यायालय म्हणजेही हे पूर्वजच.

आता दुसरी बाजू. अचेबे हा समाज गोडगुलाबी रंगवत नाहीत, आणि माझ्या मते त्यांचं मोठेपण इथे आहे. जुळी मुलं अशुभ म्हणून मातीच्या भांड्यात घालून रानात टाकली जात. 'ओसू' म्हणजे देवाला वाहिलेले लोक, पिढ्यान्‌पिढ्या वाळीत. त्यांनी केस कापायचे नाहीत, इतरांशी सोयरीक करायची नाही, पदवी घ्यायची नाही, मेल्यावरही त्यांना शापित रानातच पुरायचं. इकेमेफुना हा शेजारच्या गावाने भरपाई म्हणून दिलेला मुलगा ओकोंक्वोच्या घरी तीन वर्षं वाढतो, त्याला बाप म्हणतो, आणि कौल लागल्यावर त्याला मारायला नेतात. एझेउडू हा गावातला सगळ्यात वयस्कर माणूस आधीच बजावून गेलेला असतो की पोर तुला बाप म्हणतं, तू यात हात घालू नकोस. ओकोंक्वो तरीही कोयता चालवतो, आपण दुबळे ठरू या भीतीने.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ओकोंक्वो म्हणजे इग्बो समाज, असं समजून अनेक जण पुस्तक वाचतात. तसं नाही. शांततेच्या सप्ताहात बायकोला मारून नियम तोडणारा तोच, आणि त्याला दंड करणारा समाज. त्याचा बाप उनोका बासरी वाजवणारा, कर्जबाजारी, आळशी. त्या बापासारखं होऊ नये एवढ्या एका धास्तीवर या माणसाने आयुष्य उभं केलं आहे. गाव त्याच्या पराक्रमाचा मान राखतं, पण त्याच्या प्रत्येक गोष्टीला मान डोलावत नाही. पुढे एझेउडूच्याच अंत्यविधीत त्याची बंदूक फुटते, मृताचा सोळा वर्षांचा मुलगा दगावतो आणि ओकोंक्वोला सात वर्षांसाठी आजोळी जावं लागतं. रीतीप्रमाणे त्याचं घर जाळायला आलेल्यांत त्याचा जिवलग मित्र ओबिएरिकाही असतो. रात्री तो एकटा बसून विचार करतो की नकळत घडलेल्या गुन्ह्यासाठी एवढी शिक्षा का? मग त्याला आपल्या बायकोची टाकून दिलेली जुळी आठवतात. त्यांनी काय केलं होतं? प्रश्न विचारायला गोऱ्या माणसाची गरज नव्हती, ते गावात आधीपासून होते. उत्तर शोधायला वेळ मात्र मिळाला नाही.

मिशनरी शिरले ते नेमके याच फटींतून. गाव त्यांना राहायला शापित रान देतं, मरतील आपोआप म्हणून. ते मरत नाहीत. सुरुवातीला त्यांच्याकडे जाणाऱ्यांत न्नेका नावाची गरोदर बाई आहे. चार वेळा तिला जुळी झाली, चारही वेळा टाकून दिली गेली. मग ओसू जातात. कियागा हा इग्बो धर्मोपदेशक त्यांना केस भादरायला सांगतो, भीत भीत ते भादरतात आणि पुढे चर्चचे सगळ्यात कट्टर अनुयायी होतात. ओकोंक्वोचा थोरला न्वोये जातो. ख्रिस्ती धर्माचं तत्त्वज्ञान त्याला मुळीच समजलेलं नसतं. एका स्तोत्रात अंधारात बसलेल्या भावंडांचा उल्लेख येतो, आणि इकेमेफुनापासून मनात साठलेल्या कशालातरी उत्तर मिळाल्यासारखं त्याला वाटतं.

मराठी वाचकाला यात फार अनोळखी वाटण्याचं कारण नाही. चर्च मिशनरी सोसायटीने १८५७ साली ओनित्शाला ठाणं उघडलं. त्याच वर्षी बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं, म्हणजे मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी, लिहिणारा धर्मांतरित ख्रिस्ती, विषय विधवांचे हाल. अचेबेही अशाच घरातले. वडील मिशनचे शिक्षक आणि धर्मप्रचारक. १९३० साली ओगिडी गावात जन्मलेल्या या मुलाला घरी बायबल आणि शेजारी जुने सण, असं दोन्हीकडचं ऐकायला मिळालं.

चर्चने सगळं सोडवलं असंही नाही. अचेबेंच्या दुसऱ्या कादंबरीत, 'नो लाँगर अ‍ॅट ईज' (१९६०) मध्ये, ओकोंक्वोचा नातू ओबी इंग्लंडहून शिकून येतो आणि क्लारा नावाच्या मुलीशी लग्न ठरवतो. ती ओसू. विरोध करणारा बाप कोण, तर तोच न्वोये, आता आयझॅक झालेला, आयुष्यभर चर्चची सेवा केलेला. पूर्व नायजेरियात ओसू प्रथा १९५६ साली कायद्याने रद्द झाली. सोयरीक जुळवताना चौकशी अजून होते.

हे झालं धर्माचं. पण चर्चच्या पाठोपाठ सरकार आलं, आणि खरी मोडतोड सरकारने केली. नायजरवरचा व्यापार १८८६पासून रॉयल नायजर कंपनीच्या ताब्यात होता. १९०० साली ब्रिटिश सरकारने कारभार स्वतःकडे घेतला आणि १९०१-०२ मध्ये अरोचुक्वूवर फौज पाठवली, कारण तिथल्या देवस्थानाचा कौल आणि त्याभोवतीचं व्यापाराचं जाळं दूरदूरपर्यंत चालत होतं. एकेका गावावर जरब बसवण्याची पद्धत कादंबरीत अबामे गावाच्या रूपाने येते. लोखंडी घोड्यावरून, म्हणजे सायकलवरून, आलेल्या गोऱ्याला गावकरी मारतात आणि सायकल पळून जाऊन इतर गोऱ्यांना बोलावून आणेल म्हणून ती झाडाला बांधून ठेवतात. काही आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी शिपाई येतात आणि सरसकट गोळ्या घालतात. यामागे खरी घटना आहे. १९०५ साली अहियारा भागात वाट चुकलेल्या स्ट्युअर्ट नावाच्या डॉक्टरचा खून झाला होता आणि त्याचा सूड म्हणून लष्करी मोहीम निघाली होती.

बंदुकीने जरब बसते, रोजचा कारभार चालत नाही. इंग्रजांना सवय होती मधे एखादा राजा, नवाब, अमीर धरून त्याच्यामार्फत राज्य करण्याची. उत्तर नायजेरियात अमीर होते, तिथे लुगार्ड या ब्रिटिश प्रशासकाने ही पद्धत पक्की केली. (हा लुगार्ड जन्मला मद्रासला, १८५८ साली.) इग्बो मुलखात राजाच नाही, मग धरायचं कुणाला? उपाय असा निघाला की राजा नसेल तर नेमा. निवडलेल्या माणसाला सरकारी सनद द्यायची आणि तो त्या भागाचा प्रमुख. यांना वॉरंट चीफ म्हणत. कल्पना करा, भावकीत ज्याचा शब्द कुणी ऐकत नाही अशा एखाद्याला तहसीलदाराने उचलून आख्ख्या पंचक्रोशीची पाटीलकी द्यावी, वर न्यायाचे अधिकारही. नव्या देशी न्यायालयांत हे प्रमुख बसत आणि त्यांचे शिपाई गावोगाव फिरत. 'थिंग्ज फॉल अपार्ट'मध्ये या शिपायांना लोक 'कोटमा' म्हणतात. मुखवट्याच्या प्रकरणावरून गाव चर्च पाडतं, तेव्हा जिल्ह्याचा गोरा कमिशनर सहा पुढाऱ्यांना बोलणीसाठी बोलावतो आणि बेड्या घालतो. दंड कवड्यांच्या २०० पोत्यांचा. शिपाई गावाला २५० सांगतात, वरची ५० त्यांची. कोठडीत त्या पदवीधारी म्हाताऱ्यांची डोकी भादरतात.

शेवटी ओकोंक्वो एका शिपायाचं मुंडकं उडवतो. बाकीचे शिपाई पळतात आणि गाव त्यांना पळू देतं. सभा भरलेली होती, चर्चा सुरू होती, निर्णय व्हायचा होता. ओकोंक्वोने तो एकट्याने घेतला आणि त्याच क्षणी त्याला कळलं की गाव लढणार नाही.

वॉरंट चीफचा प्रश्न जास्त खोलात येतो तो 'अ‍ॅरो ऑफ गॉड' (१९६४) मध्ये. काळ १९२०च्या दशकातला. एझेउलू हा उमुआरोच्या सहा गावांचा मुख्य पुजारी. जमिनीच्या एका तंट्यात तो स्वतःच्या गावाविरुद्ध खरं बोलतो, म्हणून कॅप्टन विंटरबॉटम या अधिकाऱ्याला तो भावतो आणि त्यालाच प्रमुख नेमायचं ठरतं. गंमत अशी की विंटरबॉटमला स्वतःला हे धोरण पटत नाही. ओकपेरीला त्याने नेमलेला इकेडी लाच खाऊन गबर झाला आणि स्वतःला राजा म्हणवून घेऊ लागला, हे त्याने पाहिलं आहे. पण वरून हुकूम आहे. एझेउलू साफ नकार देतो. मी उलू देवाचा, दुसऱ्या कुणाचा नाही. त्याला कोठडीत टाकतात.

इथून पुढचं कथानक पंचांगावर फिरतं. इग्बोंचं मुख्य पीक याम, आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. पुजाऱ्याकडे बारा पवित्र याम असतात. दर अमावस्येनंतर नवा चंद्र दिसला की त्याने एक खायचा, आणि एकच उरला की नव्या यामचा सण जाहीर करायचा. सणाआधी शेतातला कंद काढायचा नाही. कोठडीत दोन चंद्र निघून जातात, दोन याम खायचे राहतात. सुटून आल्यावर एझेउलू हिशोबाला चिकटतो की तीन उरले आहेत, सण आता नाही. गावचे प्रमुख येऊन सांगतात, खाऊन टाक, पाप आमच्या डोक्यावर. तो ऐकत नाही. देवाची आज्ञा, की गावाने साथ दिली नाही याचा राग? दोन्ही. पीक जमिनीत सडू लागतं, घरात खायला नाही. तेव्हा गुडकंट्री नावाचा धर्मप्रचारक दवंडी पिटतो की एक याम चर्चला वाहा आणि खुशाल काढणी करा, उलू काही करणार नाही. लोक वाहतात. प्रमुख नेमण्याचा एक कागद चुकीच्या माणसाला पोहोचला, आणि त्याची परिणती गावाचा देव बदलण्यात झाली. एवढी अचूक साखळी वसाहतवादावरच्या इतिहासाच्या पुस्तकातही क्वचितच सापडते.

पण अचेबेंच्या या दोन्ही कादंबऱ्यांत बायकांची राजकीय ताकद फारशी दिसत नाही. माहेरवाशिणी एखाद्या विधीपुरत्या येतात. प्रत्यक्षात वॉरंट चीफची पद्धत खिळखिळी केली ती बायकांनी. पुरुषांवर कर १९२८ साली लागला होता. नोव्हेंबर १९२९ मध्ये ओलोको गावात ओकुगो या वॉरंट चीफचा माणूस न्वान्येरुवा नावाच्या बाईच्या दारात आला. ती पामतेल काढत होती. तुझी माणसं, शेळ्या, मेंढ्या मोज, तो म्हणाला. तुझ्या आईला मोजलं होतं का, तिने सुनावलं, आणि दोघांत झटापट झाली. ती बाजारात गेली, बायका जमल्या. त्यांच्याकडे जुनं हत्यार होतं. ज्या पुरुषाने मर्यादा सोडली त्याच्या दारात सगळ्यांनी जाऊन बसायचं, रात्रभर त्याची निंदा करणारी गाणी म्हणायची, नाचायचं, तो नाक घासेपर्यंत हटायचं नाही. तेच आता वॉरंट चीफच्या दारात झालं. महिन्याभरात हजारो बायका उठल्या, देशी न्यायालयं पाडली, जाळली. पोलीस आणि सैनिकांच्या गोळ्यांनी ५०हून अधिक बायका मेल्या. सरकारी कागदांत याची नोंद 'आबाची दंगल' अशी झाली (आबा हे तिथलं एक शहर). इग्बो लोक याला बायकांचं युद्ध म्हणतात. त्यानंतर १९३०च्या दशकात सरकारला वॉरंट चीफची पद्धत गुंडाळावी लागली.

कादंबरीत ही उणीव भरून काढली ती लेखिकांनी, निराळ्या वाटेने. फ्लोरा न्वापा यांची 'एफुरू' १९६६ साली आली. ओगुटाच्या तळ्याकाठी व्यापार करणारी, दोन नवऱ्यांकडून निराश झालेली एफुरू तळ्याच्या देवीची सेविका होते. गोरे लोक तिथे कडेकडेने दिसतात, गोष्ट बायकांच्या बाजारातल्या बोलण्यातून पुढे सरकते. बुची एमेचेटा यांची 'द जॉइज ऑफ मदरहुड' (१९७९) जास्त कडू आहे. न्नू एगो इबूझा गावातून लागोसला येते आणि बघते तर नवरा गोऱ्या बाईचे कपडे धुतो. गावात पुरुषाची मोठी शेती, बाईचा स्वतःचा बाजार. शहरात दोघांचंही जुनं स्थान गेलेलं, पण आईकडून अपेक्षा सगळ्या जुन्याच.

चिमामांडा न्गोझी अडिची यांच्या 'द हेडस्ट्राँग हिस्टोरियन' (२००८) या कथेत कोर्टच हत्यार होतं. न्वाम्ग्बा या विधवेची जमीन नवऱ्याचे चुलतभाऊ लाटतात. ती मुलाला मिशनच्या शाळेत घालते ते देवासाठी नव्हे. इंग्रजी शिकला की कोर्टात जमीन परत मिळवेल, एवढाच तिचा हिशोब. प्रोटेस्टंट शाळेत इग्बोतून शिकवतात म्हटल्यावर ती त्याला तिथून काढून कॅथलिकांकडे नेते. जमीन मिळते, पण मुलगा मायकल होऊन आईच्या हातचं खाईनासा होतो. नात ग्रेस पुढे इतिहासकार होते. शाळेत तिने आपल्या लोकांबद्दल वाचलेला धडा 'आदिम टोळ्यांच्या शांतीकरणा'चा. 'थिंग्ज फॉल अपार्ट'च्या शेवटी गळफास घेतलेल्या ओकोंक्वोच्या प्रेतासमोर उभा राहून कमिशनर हेच नाव मनाशी ठरवत असतो, आणि या माणसावर एखादा परिच्छेद लिहिता येईल असा विचार करत असतो. ग्रेस त्याला उत्तर म्हणून आख्खं पुस्तक लिहिते.

वाचायला घेणार असाल तर एक सुचवतो. 'अ‍ॅरो ऑफ गॉड' ही या सगळ्यांत थोर कादंबरी, पण तिच्यापासून सुरुवात करू नका, पहिल्या प्रकरणांतली नावं आणि गावांचे हेवेदावे दमवतात. आधी 'थिंग्ज फॉल अपार्ट' घ्या. तिचं इंग्रजी बेताचं इंग्रजी येणाऱ्यालाही झेपेल इतकं सरळ आहे, आणि म्हणी भरपूर. मग अडिचींची कथा एका बैठकीत होईल. त्यानंतर 'अ‍ॅरो ऑफ गॉड' हातात घेतलीत तर एझेउलूने गोऱ्या साहेबाला नाही का म्हटलं, हे कुणी समजावून सांगावं लागणार नाही.